आई-वडिलांच्या नावाशी मिळतंजुळतं बाळाचं नाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सातबारे. दिवसभर लोकांची नावं टाइप करणं हाच धंदा. बाळाच्या कागदांसाठी एखादं जोडपं आलं, की बोलता बोलता गाडी नावावर येते आणि मग तेच ते प्रश्न निघतात. रोज तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं. एक आधीच सांगतो, वडिलांची आणि माझी आद्याक्षरं सारखी असल्यामुळं मी यात पोळलेला माणूस आहे. तेव्हा उत्तरं अगदीच तटस्थ असतील असं समजू नका.

बाळाला वडिलांचंच नाव घालायला कायद्यानं बंदी आहे का?

नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. नाव कुणासारखं असावं किंवा नसावं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. निबंधक नाव लिहून घेतो, बारसं करत नाही. तुम्ही 'विजय विजय पाटील' असं लिहून दिलंत तर तसाच दाखला निघेल.

त्रास पुढं आहे. प्रत्येक खिडकीवर "दोनदा टाइप झालंय का हो?" असं विचारतील आणि कुठंतरी कुणीतरी न विचारताच एक विजय उडवेल. माझ्याकडच्या पोरानंच एकदा उडवला होता. वर "चूक दिसली म्हणून काढली, सर" म्हणाला. अर्जदार तोवर पावती घेऊन गावाकडं गेलेला.

मग आपल्याकडं मुलाला बापाचं नाव घालायची पद्धत का नाही?

कारण मराठी माणसाच्या नावात बाप आधीच बसलेला असतो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पोराला शाळेत घातल्यापासून ते त्याच्या नावाची पत्रिका छापेपर्यंत बापाचं नाव त्याच्या पाठीला चिकटलेलं असतं. ते आणखी एकदा पुढं आणायची गरज कुणाला वाटली नाही. इथल्या मुसलमान घरांतही मधलं नाव वडिलांचंच असतं.

दुसरं कारण घरातल्या बायकांचं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा रिवाज काल-परवापर्यंत कडक होता. नाव घ्यायचंच तर उखाण्यात. अशा घरात पोराला नवऱ्याचं नाव घातलं, तर आई त्याला हाक कशी मारणार? आणि रागावणार कशी?

आमच्या आज्जीचं उदाहरण सांगतो. आजोबांचं नाव गणपती. आज्जी जन्मभर देवालासुद्धा 'मोरया'च म्हणाली. गणपती बसायच्या दिवशी ती "आज मोरया आणायचाय" म्हणायची, आणि आरती चालू झाली की त्या एका शब्दापाशी ओठ मिटून घ्यायची. थोरल्या चुलत्यांनी आपल्या मुलाला आजोबांचं नाव घातलं. आज्जीनं त्याला कधीही त्या नावानं हाक मारली नाही, आणि सासऱ्याचं नाव म्हणून चुलतीनंही नाही. तो सगळ्यांचा 'बाळू' झाला. आज तो पन्नाशीचा आहे, घरी अजून बाळूच आहे. आपल्याकडं एवढे बाळू, बाळासाहेब, आबा, दादासाहेब का, याचं निम्मं उत्तर इथंच आहे. कागदावर आज्ज्याचं नाव असायचं आणि ते उच्चारायची चोरी, म्हणून हाकेला दुसरं.

थोडक्यात, नाव पुढं न्यायचं ते एक पिढी सोडून, आज्ज्याकडनं नातवाकडं. यात कागदाचीही सोय होती. गणपती दत्तू, मग दत्तू गणपती, मग परत गणपती दत्तू. जमिनीचे फेरफार वाचताना मात्र हा कुठला गणपती, हे शोधण्यात आमचा दिवस जातो.

पण कोल्हापूरच्या गादीवर तर तीच तीच नावं आहेत?

आहेत, पण नीट बघा, बापाचं नाव थेट मुलाला गेलेलं सापडायचं नाही. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत गेले. पुढं १६५७ साली पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी, म्हणजे चुलत्याचं. त्या संभाजी महाराजांच्या मुलाचं नाव पुन्हा शिवाजी, म्हणजे आज्ज्याचं. आपण त्यांना सातारचे शाहू महाराज म्हणून ओळखतो. इकडं राजाराम महाराज आणि ताराराणींना मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी. म्हणजे गादीवरनं जे दोन चुलतभाऊ समोरासमोर आले, त्यांची दोघांची मूळ नावं एकच होती आणि दोघांनाही ती एकाच आजोबांची मिळालेली. राजाराम महाराजांच्या आणखी एक राणी राजसबाई, त्यांच्या मुलाचं नाव संभाजी, तेही चुलत्याचंच. शाहू महाराजांचा वारणेचा तह १७३१ साली झाला, तो या संभाजी महाराजांशी.

पेशव्यांत तेच. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ साली जन्मलेल्या मुलाला चुलत्याचं, माधवरावांचं नाव दिलं आणि घोटाळा नको म्हणून पुढं 'सवाई' लावलं. ही युक्ती मला फार आवडते. आता मात्र कुणी 'सवाई' लावून जन्मदाखला मागायला येऊ नये, ते नावाचाच भाग म्हणून टाइप होईल.

नाव सारखं झाल्यावर काय होतं ते बघायला पुस्तकं उघडायचीही गरज नाही. कोल्हापुरात 'राजाराम महाराज' म्हटलं की विचारावं लागतं, १८७० साली फ्लोरेन्सला वारलेले की राजर्षी शाहूंचे चिरंजीव? आणि खुद्द राजर्षींचं दत्तक जाण्याआधीचं नाव यशवंतराव. कागलच्या घाटग्यांकडनं ते १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. नाव बदलायचं म्हणून संकोचणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो.

अमेरिकेत 'ज्युनियर' लावतात. आपण का लावू नये?

लावा की. पण त्यांच्याकडं मधल्या नावात बाप नसतो, म्हणून त्यांना ते लागतं. बुश बापलेक दोघेही जॉर्ज, दोघेही राष्ट्राध्यक्ष, आणि ओळखायचं मधल्या अक्षरावरनं. आपल्या अर्जांत 'ज्युनियर'ला रकाना नाही. तो आडनावात जाऊन बसतो आणि पोरगं जन्मभर 'ज्युनियर' आडनावाचं होतं.

आजोबा हयात असताना त्यांचं नाव घालावं का?

घराघरांत वेगळं आहे. काही घरांत माणूस गेल्यावरच नाव पुढं नेतात, काही घरांत आजोबांच्या मांडीवर बसवून त्यांचंच नाव घालतात. आजोबांनाच विचारा. खूश होणार की "मला आत्ताच घालवताय व्हय?" म्हणणार, ते तुम्हाला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळेल.

आद्याक्षर सारखं असलं तर एवढं काय बिघडतं?

इथं जरा थांबतो, कारण हा माझा विषय आहे.

वडील आणि मी, दोघांचं नाव 'डी'नं सुरू होतं. माझं आद्याक्षरातलं नाव 'डी. डी.' कॉलेजात बँकेच्या खिडकीवर नाव सांगितलं की "डीडी कुठल्या नावानं काढायचाय?" असं विचारायचे, डिमांड ड्राफ्ट समजून. ते हसण्यावारी गेलं. पण वडिलांच्या आणि माझ्या नावात फरक शेवटच्या दोन अक्षरांचा, आडनाव एक, पत्ता एक, आणि खातीही एकाच शाखेत. एका वर्षी बाबांचं ऊसबिल माझ्या खात्यावर जमा झालं. बँक कुठली ते सांगत नाही, चूक कुणाकडूनही होते. माझ्या खात्याला मोटरसायकलचा हप्ता लावलेला होता आणि तो दोन महिने तुंबलेला होता. बिल आलं त्याच दिवशी दोन्ही हप्ते कापून गेले. बाबांना मेसेज आला नाही म्हणून ते चौकशीला गेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "ऊस मी लावायचा, पाणी मी पाजायचं आणि गाडीवर तू फिरायचं." पैसे परत फिरवायला अर्ज, मग त्याची पोच, मग साहेब रजेवर. तीन आठवडे गेले.

त्यामुळं आद्याक्षराचं मी लोकांना असं सांगतो. नुसतं आद्याक्षर सारखं असेल आणि बाकी नाव ऐकायला लांबचं असेल, तर काही होत नाही. 'अमर' आणि 'अभिषेक' यांत कुणी घोटाळा करत नाही. 'दिनेश' आणि 'दिनकर', 'संजय' आणि 'सुजय', 'राजेंद्र' आणि 'राजेश' ही जोडी बापलेकाची असेल, तर घोटाळा नक्की. यादी वाचणारा माणूस पहिली दोन-तीन अक्षरं बघतो, उरलेलं नाव मनानंच पुरं करतो. फरक ठेवायचाच तर नावाच्या सुरुवातीला ठेवा, शेपटाला नको.

सातबाऱ्यावर काही अडचण येते का?

येते. वारस नोंदीच्या वेळी. आज्जा-नातवाचं नाव एक असेल, तर वारसांच्या यादीत तेच नाव मयताच्या रकान्यात आणि वारसाच्याही रकान्यात येतं, आणि तलाठ्यापुढं बसून वंशावळ काढून दाखवावी लागते. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण चूक नाहीच, नावच एक आहे, तिथं काय दुरुस्त करणार?

आमच्यात वडिलांचं नाव कुठं 'बाळासो' आहे, कुठं 'बाळासाहेब'. बाळाच्या दाखल्यावर कुठलं घालू?

हा खास आपल्याकडचा रोग. बाळासो, आण्णासो, बाबासो, आप्पासो. 'साहेब' लिहायचा कंटाळा म्हणून कुणीतरी 'सो' केलं आणि तेच शाळेच्या दाखल्यावर चढलं. तुमच्या आधारवर जे आहे ते घाला, म्हणजे पुढची साखळी जुळते. आणि तुमच्या कागदांतच दोन असतील तर आधी स्वतःचं एक करून घ्या, मग पोराकडं वळा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हेही लक्षात असू द्या.

आईच्या नावाचं काय? आता तेही लावायचं असतं ना?

हो. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी राज्य शासनाचा निर्णय आहे. क्रम असा : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चार शब्द झाले. उशिरा का होईना, आई कागदावर आली हे चांगलं झालं.

पण सारख्या नावाचा प्रश्न यानं दुप्पट झाला. पूर्वी एका नावाशी ताडून बघायचं, आता दोन नावांशी. परवा एक जोडपं आलं होतं, आई आरती, बाबा अरविंद. मुलीसाठी 'आर्या' ठरवलेलं. मी टाइप करून स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली : आर्या आरती अरविंद. बाई हसायलाच लागल्या. "हे नाव आहे की बाराखडी?" म्हणाल्या. नवरा म्हणाला, चांगलं वाटतंय की, गाण्यासारखं. दोघं बाहेर जाऊन चहा पिऊन आले आणि 'आर्या'च ठेवून गेले. नाव त्यांचं, पसंती त्यांची. मी फक्त चारही शब्द एका ओळीत दाखवतो, कारण घरी ते कुणी असे लिहून बघितलेले नसतात.

आणखी एक अडचण जुन्या रिवाजाची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचे, पुष्कळदा नवऱ्याच्या नावाला जुळणारं. त्यामुळं कितीतरी बायकांचं माहेरचं नाव एक आणि सासरचं एक. बाळाच्या नावात आईचं कुठलं नाव? पुन्हा तेच उत्तर, तिच्या आधारवर आहे ते.

नावरस अक्षर नेमकं आमच्याच नावाचं आलं. आता?

नावरस म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरनं येणारं नावाचं अक्षर. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, मिळून १०८ अक्षरं. त्यातलं तुमचंच आलं, हा योगायोग. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. हस्त नक्षत्रावरच्या लोकांचे हाल बघा, त्यांना ष, ण, ठ येतात, त्यांनी काय करायचं? पूर्वापार तोडगा ठरलेला आहे. पाळण्यातलं नाव नावरस अक्षरावरनं, चालू नाव आवडीचं. पाळण्यातलं नाव दाखल्यावर यायलाच पाहिजे असं काही नाही.

दोघांच्या नावातली अक्षरं जोडून नाव करावं म्हणतो. कसं वाटतं?

जुळलं तर छान, नाही जुळलं तर पोराची शाळेत चेष्टा. राजेंद्र आणि धनश्रीची 'राधा' होते, स्वप्नील आणि रूपालीचा 'स्वरूप' होतो. ही खरी नावं आहेत, त्यांना अर्थ आहे, कुणाला सांगितलं नाही तर जोड कळतही नाही. पण सुनील आणि वैशाली म्हणून 'सुवै' हा शब्द मी अर्जावर बघितलाय. मुलगा की मुलगी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मुलीला वडिलांच्या नावावरनं नाव घालता येतं का?

आरामात. विजयची विजया, आनंदची आनंदी, दीपकची दीपिका, संजयची संजना. यात ऐकायला जवळीक असते आणि घोटाळाही मुलाएवढा होत नाही. उलटं का करत नाहीत, हे मात्र मला कळत नाही. आईच्या नावावरनं मुलाचं नाव घालणारा माझ्या काउंटरला क्वचितच येतो. पद्माचा पंकज काय वाईट आहे?

तुम्ही सगळ्याला खोट काढताय. मग सारखं नाव ठेवायची चांगली रीत आहे का नाही?

आहे की. अक्षर सोडा, अर्थ धरा.

चंद्रकांतचा मुलगा शशांक. दिनकरचा भास्कर. सागरची मुलगी ऊर्मी. बाप आणि पोर एकाच गोष्टीची दोन नावं लावून फिरतात आणि यादीत एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. आपल्या भागात तर यासाठी देवच हाताशी आहेत. जोतिबाला केदारनाथ, केदारलिंग म्हणतात. म्हणून बाप ज्योतीराम आणि पोरगा केदार, दोघेही जोतिबाच्या डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीचेच झाले. बाप दत्तात्रय असेल तर मुलगा अवधूत किंवा श्रीपाद. नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही, त्याला कळतं की पोराला बापाचंच नाव घातलंय.

असं नाव कुणी टाइप करायला दिलं की माझा हात क्षणभर थांबतो. बहुतेक वेळा ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसानं सुचवलेलं असतं.

नाव ठरत नाहीये. नोंद तशीच ठेवता येते का?

येते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नावाशिवाय झाली तरी चालते. मग १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शहरात महापालिकेत, गावाकडं ग्रामपंचायतीत. पण फार लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढं जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे.

ठेवलं, आणि आता पस्तावा होतोय.

निबंधकाच्या वहीत चूक दुरुस्त होते, मत दुरुस्त होत नाही. स्पेलिंग चुकलं असेल तर पुरावे जोडून अर्ज करा. नावच नको झालं असेल तर शासनाच्या राजपत्राची वाट धरायची. भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती, त्यात छापून येतं. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालक अर्ज करतात. मग राजपत्राची प्रत घेऊन आधार, शाळा, बँक, एकेक करत फिरायचं. पोरगं लहान आहे तोवर फिरणं थोडं असतं.

बारशात आत्यानं ऐनवेळी कानात भलतंच नाव सांगितलं तर?

तिच्या पाठीत धपाटे घालायचा हक्क त्यासाठीच असतो.

आमच्याकडं झालंय. पोराच्या वेळी बायकोनं आधीच बजावलं होतं, "'डी' सोडून काहीही." 'स'वरचं नाव ठरलं, तेच दाखल्यावर गेलं. बाराव्या दिवशी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, बाळ पाळण्यात घातलं आणि माझी बहीण कुर्रर्र करायला वाकली. ती जरा जास्त वेळ वाकलेली राहिली. एकाच्या ठिकाणी दोन नावं सांगून आली होती. दुसरं बाबांचं.

कुणी धपाटा घातला नाही. बाबा घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन दारात उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. आता पोरगं सातवीत आहे. हजेरीला 'स'वरचं नाव लागतं, ऊसबिल ज्याचं त्याच्या खात्यावर जातं. बाबा मात्र संध्याकाळी अंगणातनं हाक मारतात, "ओ माझ्या नावाचे, जेवायला या." आणि ते येतं.